न उसवलेली शिलाई

नवी गाडी घेतलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा बॉनेटवरचं कुंकू अजून ओलं असतं. आरशाला शोरूमची रिबीन लटकलेली असते, सीटवरचा प्लास्टिकचा कागद निघालेला नसतो, आणि मालक दार इतकं हळू लावतो की ते लागतच नाही. मग तो ते दुसऱ्यांदा लावतो. मी दुकानातून बघूनच ओळखतो की कव्हरचं गिऱ्हाईक आलं.

पांढरकवड्यात मी कुशनचं काम करतो. कुशनवाला म्हणजे गाडीच्या आतला शिंपी, एवढं समजलं तरी पुरे. सुरुवात केली ती ऑटोच्या हुडांवर आणि काळी-पिवळी जीपच्या बाकड्यांवर. त्या बाकड्यांवर जेवढी माणसं बसायची तेवढीच बाहेर लटकायची, आणि तरी माझं रेक्झिन शिलाईवर फाटायचं नाही. रेक्झिन मधून विरायचं, उंदीर कुरतडायचे, विडीनं भोक पडायचं, पण शिलाई जागच्या जागी. देवीदासची शिलाई उसवत नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. मी तोंडानं काही बोलायचो नाही, पण ते ऐकायला मला आवडायचं, हे कबूल करतो.

आता जीप गेल्या. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात एकाच जातीची गाडी दिसते. लांबीला आखूड, बसायला उंच, पोट जमिनीपासून वर. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर ती फसत नाही आणि मुलगी पाहायला गेलं तर चारचौघांत शोभते. डिक्कीत तुरीची तीन पोती मावतात. शेतकऱ्याला आणखी काय पाहिजे? गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात सीट कव्हर, पायाखालच्या मॅट, दारांना पट्ट्या आणि मागच्या काचेवर मुलांची नावं. बाकीचं सामान दुकानात तयार मिळतं. कव्हर मात्र अंगावर माप घेऊन शिवावं लागतं, कारण एकाच कंपनीच्या दोन गाड्यांच्या सीटाही कधीकधी वेगळ्या निघतात.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर दिवस जाईल. एका मास्तरांनी पांढरंशुभ्र कव्हर शिवून घेतलं. काळ्या मातीचा मुलूख आहे, पांढरं नको, असं मी दोनदा सांगितलं. ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या बायकोनं त्या कव्हरावर टॉवेल घातले, टॉवेल मळतात म्हणून वर जुन्या चादरी घातल्या. माझं कव्हर आजही पांढरंशुभ्र आहे, पण ते कोणी पाहिलेलं नाही. दुसरे एक काका तणतणत आले. एसी लावला की तुमच्या कव्हरातला कापूस उडून राह्यला, म्हणाले. मी डॅशबोर्डाखालची एसीची जाळी काढली. आत मूठभर कापूस अडकला होता, आणि त्यात सरकीसुद्धा होती. मागची सीट पाडून काकांनी जिनिंगपर्यंत कापसाच्या खेपा मारल्या होत्या. माझ्या फोममध्ये सरकी नसते, एवढंच मी त्यांना म्हणालो. त्यानंतर वर्षातून एकदा, हंगाम संपला की, ते जाळी साफ करायला माझ्याकडेच येतात.

आता मुद्द्यावर येतो.

माझ्या कामाची एक खूण होती. कव्हर चढल्यावर मूळ सीटचा एक धागाही दिसला नाही पाहिजे. कंपनीच्या सीटला बाजूनं एक छोटं कापडी लेबल असतं, नखाएवढं, शिलाईतून बाहेर आलेलं. ते कव्हरातून डोकावलं की गिऱ्हाइकाला खटकायचं, आणि मला त्याहून जास्त. म्हणून आम्ही ते आत दुमडायचो आणि त्यावरून दुहेरी शिलाई मारायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको पुष्पा. दुसरी मशीन तीच चालवते.

त्या लेबलावर एअरबॅग असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. मला ते वाचता येत होतं. वाचूनही मी दुमडत होतो. मला वाटायचं, गाडीत एअरबॅग आहेत हे दाखवायची कंपनीची हौस असेल. एअरबॅग म्हणजे स्टिअरिंगमध्ये असते, एवढीच माझी समजूत. नव्या गाड्यांत दोन समोर, दोन छताच्या कडेला आणि दोन पुढच्या सीटांच्या पाठीत दाराच्या बाजूला असतात, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही.

उत्तमराव राठोड केळापूरच्या पुढच्या तांड्यावरचे. कापूस आणि सोयाबीन, थोडी तूर. तांड्यावर तशी उंच गाडी त्यांचीच पहिली. ते आणि त्यांच्या बायको सिंधूबाई दोघंही कव्हर निवडायला आले. बाईंनी गडद तांबडा रंग निवडला आणि पिशवीतून एक पट्टी काढली. काचेच्या टिकल्यांची, कवड्यांची, हातानं भरलेली. त्यांच्या आईच्या जुन्या फेटियाची, म्हणजे बंजारा बाया नेसायच्या त्या घागऱ्याची. आईला त्या याडी म्हणायच्या. याडी गेल्या होत्या, फेटिया विरला होता, पट्टी शाबूत होती. ही गाडीत कुठंतरी लावा, असं त्यांचं म्हणणं.

"डोक्यामागं लावा भाऊ," बाई म्हणाल्या. "तिथं कोणाचा हात नाही लागत."

मी नाही म्हणालो. डोक्यामागं कोणाला दिसणार? सीटच्या बाहेरच्या बाजूनं उभी लावू, दार उघडलं की काचा चमकतील. तुम्ही उतरताना तांड्यावर सगळे पाहतील. बाई हसल्या आणि बरं म्हणाल्या. पट्टी जड होती, म्हणून तिथं मी दुहेरीऐवजी चौहेरी शिलाई घातली. त्या कामाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. माझ्या हातून इतकं देखणं काम फार झालेलं नाही.

पुढच्या कापूस वेचणीत, भर दुपारी, एका शेतातून कापसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर अचानक रस्त्यावर आला आणि गाडीच्या डाव्या दारावर आदळला. उत्तमरावांना खरचटलंसुद्धा नाही. डावीकडे बसलेल्या सिंधूबाईंच्या तीन बरगड्या मोडल्या आणि एक फुप्फुसात घुसली. त्यांना यवतमाळला हलवलं. वीस दिवस त्या दवाखान्यात होत्या.

मला ही बातमी कळली तेव्हा वाईट वाटलं, जसं कोणालाही वाटेल. सलीमभाईंचा फोन येईपर्यंत मला त्यापलीकडे काही वाटायचं कारण नव्हतं.

सलीमभाई डेंटिंग-पेंटिंग करतात. ठोकलेल्या गाड्या त्यांच्याकडे येतात. तीस वर्षांची ओळख. जरा येऊन जा, काम दाखवाचं आहे, एवढंच ते फोनवर म्हणाले. मला वाटलं, कव्हर नवं करायचं असेल. मी माप घ्यायचा टेप घेऊनच गेलो.

डावी सीट त्यांनी बाहेर काढून ठेवली होती. माझं तांबडं कव्हर तिच्यावर होतं. एका बाजूला पाठीचा भाग सुजल्यासारखा वर आला होता. सलीमभाईंनी हुक सोडले, खालून कव्हर वर केलं आणि आत हात घालून पांढरं कापड ओढून दाखवलं. चुरगळलेलं, भुकटी लागलेलं. ती सीटमधली एअरबॅग होती. धडक बसल्याबरोबर ती सुटली होती. कंपनीची सीट तिनं फोडली होती, फोमच्या चिंध्या केल्या होत्या, आणि मग माझ्या कव्हराला येऊन अडली होती.

सलीमभाई कमी बोलणारे. त्यांनी आधी कंपनीच्या फाटलेल्या शिवणीवर बोट ठेवलं, मग माझ्या पट्टीवर.

"यांची शिलाई उसवली," ते म्हणाले. "तुमची नाही उसवली."

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की कंपनी तेवढ्याच जागी शिवण मुद्दाम कच्ची ठेवते. बॅग सुटली की ती फाटली पाहिजे, म्हणून. ते लेबल म्हणजे इथं हात लावू नका असं सांगणारी पाटी होती. आणि मी नेमका तिथंच आयुष्यभराचं कसब ओतत होतो.

मी तिथंच एका टायरवर बसलो. बॅग नीट उघडली असती तर बाईंना काहीच झालं नसतं, असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. सलीमभाईंनीही तेच सांगितलं. पण मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका दाखवत आलो आहे. ही कोणाची चूक आहे ते मला कळत होतं. ट्रॅक्टर माझा नव्हता. बरगड्या माझ्या खात्यावर होत्या.

मी कोणाले नाही सांगणार, असं सलीमभाई म्हणाले. ते माझ्या भल्यासाठीच म्हणाले. पण ते ऐकून मला जो दिलासा वाटला, त्याची मला आजही लाज वाटते.

दुकानात येऊन पुष्पाला सांगितलं. तिनं मशीन थांबवली. मग म्हणाली, "लेबल तर मीच दुमडत होती." मी म्हणालो, दुमड असं मीच सांगत होतो. हा वाद आम्ही पुढं वाढवला नाही. तिनं उठून दुकानातली तार खाली काढली.

ही तार म्हणजे आमची वही. शिवलेल्या प्रत्येक कव्हराच्या कापडाची एक चिंधी आम्ही तारेत ओवून ठेवतो. मागं गाडीचा प्रकार, नाव, गाव, फोन. पुढं कव्हर फाटलं तर त्याच कापडाचं ठिगळ लावता यावं म्हणून. आम्ही दोघांनी चिंध्या जमिनीवर पसरल्या आणि सीटमध्ये बॅग असलेल्या गाड्या वेगळ्या काढल्या. एकतीस निघाल्या. राठोडांची न धरता.

आधी मी फोन केले. तो मूर्खपणा ठरला. तुमच्या कव्हरात दोष आहे असं शिवणारा स्वतः सांगतो, हे कोणाला पटेना. अर्ध्यांना वाटलं, मी नवं कव्हर खपवतोय. एकानं तर आवाजावरून मला ओळखूनही खोटा माणूस ठरवलं आणि फोन ठेवला. तेव्हा ठरवलं, की स्वतः जायचं, प्रत्येकाच्या दारात, ब्लेड आणि सुईदोरा घेऊन. पुढच्या दोन्ही सीटांची दाराकडची बाजू वरपासून खालपर्यंत उघडी करायची, कडा दुमडून मागं इलॅस्टिकनं ओढून घ्यायच्या. कंपनीसारखी कच्ची शिलाई मीही मारीन, असा विचार मनात आला होता. पण किती कच्ची म्हणजे पुरेशी कच्ची, हे मला ठरवता येत नाही. जे कळत नाही ते उघडं ठेवायचं. कंपनीचं कापड दिसतं ते दिसू दे.

पहिल्यांदा गेलो उमरखेडला. बसनं पूर्ण दिवसाचा प्रवास जाऊन-येऊन. तिथले एक धान्याचे व्यापारी त्यांच्या पांढरकवड्याच्या बहिणीच्या शब्दावर माझ्याकडून कव्हर शिवून घेऊन गेले होते. शेठनी माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि साफ नकार दिला. नव्या कव्हराला ब्लेड लावू देणारा माणूस त्यांना वेडाच वाटला असता. मी म्हणालो, मी बसतो. दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. तासाभरानं आतून त्यांची सून आली आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. ती गाडीजवळ गेली, कव्हरातून बोटानं चाचपून लेबल शोधलं आणि किल्ली मागितली.

शेठ म्हणाले, कापड खराब होईल.

"त्या सीटवर मी बसते मामाजी," ती म्हणाली. "तुमी नाही बसत."

शेठनी किल्ली दिली. काम चाळीस मिनिटांचं होतं.

कळंबला एकानं घरी भेटायचं टाळलं, म्हणून चतुर्थीला चिंतामणीच्या देवळाबाहेर त्याची वाट पाहिली. हात जोडून बाहेर आलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, हा माझा हिशोब होता, आणि तो बरोबर निघाला. वणीकडच्या एका माणसानं गाडी विकूनच टाकली होती, माझ्या कव्हरासकट. कोणाला, ते त्याला धड सांगता आलं नाही. ती गाडी मी अजून शोधतोय. तुम्ही हे वाचताय आणि तुमच्या जुन्या घेतलेल्या गाडीत निळ्या-करड्या रंगाचं, पिवळ्या कडेचं कव्हर असेल, तर कृपा करून दाराकडची बाजू आजच कापा. माझ्याकडे आणायचीही गरज नाही. घरच्या कात्रीनं कापा.

अशा वीस गाड्या झाल्या. पण चाणाक्ष वाचकाच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. केळापूर माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, तांडा त्याच्या थोडा पुढं. मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आलो होतो, आणि तिथं गेलो नव्हतो.

स्वतःला मी एक कारण देत होतो. बाईंना सांगितलं तर त्यांना वाटेल की आपल्या याडीच्या पट्टीनंच आपल्याला मारलं. हे त्यांच्या मनाला का लावायचं? कारण चांगलं होतं. म्हणूनच मला ते इतके दिवस पुरलं.

मग एक दिवस सलीमभाई स्वतः दुकानात आले. राठोडांची गाडी दुरुस्त होऊन गेली होती. न्यायला उत्तमरावांचा मेहुणा आला होता. उत्तमराव अपघातापासून स्टिअरिंगला हात लावत नव्हते. सगळ्यांना सांगत फिरत होते की मी बाई मारली असती, मला गाडी चालवता येत नाही. गाडी विकायची भाषा करत होते.

"तो माणूस तुमच्या वाट्याचंही वाहून राह्यला," सलीमभाई म्हणाले. एवढं बोलून ते चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सलीमभाईंकडून ते तांबडं कव्हर आणलं आणि पट्टी त्यातून सोडवायला बसलो. माझीच शिलाई उसवायला मला दोन तास लागले. एकही काच तुटू दिली नाही. पट्टी कागदात गुंडाळली आणि तांड्यावर गेलो.

सिंधूबाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या, पाठीला उशी. बोलताना मध्ये थांबून श्वास घेत होत्या. उत्तमराव बाजेवर. अंगणात गाडी ताडपत्रीखाली. मी पट्टी बाईंच्या हातात दिली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. लेबल काय होतं, मी काय केलं, सलीमभाईंनी काय दाखवलं.  त्यांची सून मधेच चहा ठेवून गेली.

उत्तमराव उठून अंगणात गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता ते मला हाकलतील. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

बाई पट्टीवरून अंगठा फिरवत होत्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"मी डोक्यामागं लावा म्हणलं होतं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, हो. तुम्ही म्हणाला होता. बाजूला मी लावली. पट्टीचा यात काही दोष नाही, आणि तुमच्या मालकांचाही नाही. उत्तमरावांना ऐकू जावं म्हणून शेवटचं वाक्य मी मोठ्यानं म्हणालो, आणि माझा आवाज फाटला. पन्नाशी उलटलेला माणूस दुसऱ्याच्या ओसरीत रडायला लागला. बाईंनी मला रडू दिलं. समजूत काढली नाही, माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. त्या तसं आजपर्यंत म्हणालेल्या नाहीत, आणि मी मागितलेलंही नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "असे कव्हर अजून कोणाकोणाले लावले?"

मी तारेची गोष्ट सांगितली. एकतीसपैकी वीस झाल्या म्हणालो.

"म्हंजे अकरा राह्यल्या."

"हो."

"त्यायच्या बाया बसतात ना त्या सीटवर?"

मी मान हलवली.

"मंग इथं कायले बसून राह्यले?"

मी उठलो. चहा तसाच राहिला. बंजारा बोलीत त्या नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या, हळू, पण दोनदा म्हणायची वेळ येणार नाही अशा आवाजात.  उत्तमराव आत जाऊन किल्ली घेऊन आले आणि ताडपत्री ओढली. सीटांवर कव्हर नव्हतं. मी मागचं दार उघडायला लागलो, तर त्यांनी पुढच्या सीटकडे बोट दाखवलं, सिंधूबाईंच्या. मी बसलो, पट्टा लावला. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, आणि मी पहिलं गाव सांगितलं.